ट्रान्सपोर्ट इकॉनॉमिक्स आणि मॅनेजमेंटमध्ये पीजी करायचंय? बडोद्यातून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी बडोद्याचीच. दांडिया बाजारात वाढले, एम.एस. युनिव्हर्सिटीत इकॉनॉमिक्स केलं आणि मग ट्रान्सपोर्ट इकॉनॉमिक्समध्ये मास्टर्स. आता नऊ वर्षं झाली ह्याच कामात. दर वर्षी एप्रिल-मे आला की कोणाच्या तरी भाच्याचा, कोणाच्या तरी मुलीचा फोन येतोच, आणि प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवतेय. खाली-वर झालं असेल, सांभाळून घ्या.

ह्यात नक्की शिकवतात काय? ट्रक-टेम्पोचा धंदा कसा चालवायचा ते?

धंदा कसा चालतो हे कळतं, पण कोर्सचा गाभा वेगळा आहे. माणूस किंवा माल एका जागेवरून दुसऱ्या जागी जातो तेव्हा कोणाचा किती खर्च होतो, तो कोण भरतं, आणि जो भरतो त्यालाच फायदा होतो का, हा अभ्यास. खर्च म्हणजे नुसतं भाडं किंवा डिझेल नाही हां. वेळ, धूर, अपघात, रस्त्याची झीज, स्टॉपवर उन्हात उभं राहणं, हे सगळं खर्चातच येतं.

हा विषय नवीन अजिबात नाही. झ्यूल द्युप्वी नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने १८४४ मध्ये प्रश्न विचारला की एखादा पूल बांधला तर त्याचा उपयोग पैशात मोजायचा कसा? टोल किती जमला त्यावरून? तो म्हणाला नाही, कारण जो माणूस दोन रुपये टोल देतो तो कदाचित दहासुद्धा द्यायला तयार झाला असता, ते मधले आठ रुपये त्याचा फायदा आहे आणि तो टोलनाक्याच्या वहीत कुठेच दिसत नाही. कंझ्युमर सरप्लस म्हणून बारावीत जे पाठ करतो ना, त्याचं मूळ हे पुलाचं गणित.

सिव्हिलवाल्यांच्या ट्रान्सपोर्टेशन इंजिनिअरिंगपेक्षा हे वेगळं कसं?

इंजिनिअर विचारतो रस्ता किती जाड करायचा, सिग्नलचा टायमिंग किती ठेवायचा. प्लॅनर विचारतो रस्ता कुठून न्यायचा. आपण विचारतो रस्ता करायचाच का, त्या पैशात बसेस घेतल्या तर काय होईल, आणि भाडं किती ठेवलं की लोक येतील. प्रत्यक्षात तिघं एकाच टेबलावर बसतात आणि एकमेकांची भाषा यावी लागते, म्हणून कुठल्याही बऱ्या कोर्समध्ये तिन्ही गोष्टी थोड्या-थोड्या असतातच.

मी बी.कॉम. आहे / बीए आहे, मॅथ्स सुटून वर्षं झाली. झेपेल का?

झेपेल, पण पहिल्या सेमिस्टरला रोज बसावं लागेल. खरं लागतं ते एवढंच: लॉग आणि एक्स्पोनेन्शियल न घाबरता वापरता येणं, साधं डिफरन्सिएशन, प्रॉबॅबिलिटी आणि रिग्रेशन (एका गोष्टीचा दुसरीवर किती परिणाम होतो ते आकड्यांवरून काढणं). रिग्रेशन मात्र हाडात मुरायला हवं, म्हणजे टेबलमधला आकडा बघून “हा इतका का आला” हे शब्दात सांगता आलं पाहिजे. कॉमर्सवाल्यांचा एक मोठा फायदा असा की त्यांना फिक्स्ड कॉस्ट, व्हेरिएबल कॉस्ट, डेप्रिसिएशन हे पटकन कळतं, आणि रेल्वेचं किंवा पोर्टचं अर्धं दुखणं तिथेच असतं. इंजिनिअरिंगवाली मुलं गणितात पुढे असतात आणि नेमकी इथे अडखळतात, हे मी वर्गात स्वतः बघितलंय.

सिलॅबसमध्ये काय काय असतं? एखादं उदाहरण द्या ना.

नावं कॉलेजप्रमाणे बदलतात पण डिमांड, कॉस्ट, प्रायसिंग, प्रोजेक्ट अप्रेझल (प्रोजेक्ट करण्यासारखा आहे का ते तपासणं) आणि रेग्युलेशन हे पाच कुठेही चुकत नाहीत. उदाहरण देते, आणि ते नीट वाचा, कारण हे एक जमलं तर विषय आवडणार की नाही ते लगेच कळेल.

समजा एकजण मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, कामाला जातो. बसने गेला तर स्टॉपपर्यंत १० मिनिटं चालणं, सरासरी १५ मिनिटं बसची वाट बघणं (म्हणजे बस दर अर्ध्या तासाने), मग २५ मिनिटं प्रवास, तिकीट १५ रुपये. शटल रिक्षा घराच्या नाक्यावरून मिळते, ३ मिनिटं थांबायचं, २० मिनिटं प्रवास, २५ रुपये. त्याच्या एका मिनिटाची किंमत एक रुपया धरू. आता जगभरच्या सर्व्हेत दिसलेली एक गोष्ट लक्षात घ्या, माणसाला चालण्याचं आणि वाट बघण्याचं एक मिनिट बसलेल्या मिनिटापेक्षा साधारण दुप्पट जड वाटतं. म्हणजे बसचा हिशेब: २५ गुणिले २ म्हणजे ५०, अधिक २५, अधिक तिकीट १५, झाले ९०. रिक्षाचा: ६ अधिक २० अधिक २५, म्हणजे ५१. तिकीट दहा रुपयांनी महाग असूनही रिक्षा स्वस्त. ह्या ९० आणि ५१ ला जनरलाइझ्ड कॉस्ट म्हणतात.

आता गंमत बघा. कोणी म्हणालं बस फुकट करा. ९० मधून १५ गेले, ७५. दुसरा म्हणाला तिकीट तेवढंच ठेवा पण बस अर्ध्या तासाऐवजी पंधरा मिनिटांनी सोडा. वाट बघणं १५ वरून साडेसातवर आलं, दुपटीने १५ वाचले, पुन्हा ७५. म्हणजे प्रवाशाच्या दृष्टीने फेऱ्या दुप्पट करणं आणि तिकीट माफ करणं इथे अगदी सारखं पडलं, आणि दोन्ही करूनही ती ६० वरच थांबते, रिक्षाच्या खाली जात नाही. मग लक्षात येतं की खरी अडचण ती दहा मिनिटांची पायपीट आहे, स्टॉप चुकीच्या जागी आहे. हे आकडे मी समजून घ्यायला धरलेत, पण असा हिशेब मांडल्याशिवाय बस तोट्यात का जाते ह्यावर बोलायला मला तरी जमत नाही.

ह्याच्या पुढची पायरी म्हणजे मोहरिंग इफेक्ट, १९७२ चा. बसमध्ये माणसं वाढली की फेऱ्या वाढवता येतात, फेऱ्या वाढल्या की आधीपासून बसणाऱ्यांचीही वाट बघायची वेळ कमी होते. दुकानात गर्दी वाढली तर बाकीच्यांना त्रास होतो, बसचं त्याच्या उलट. सार्वजनिक वाहतुकीला सबसिडी का द्यावी ह्याचं हे अर्थशास्त्रातलं कारण आहे, दयाधर्म नाही.

आणि मोड चॉइस मॉडेल, म्हणजे बस, रेल्वे, गाडी ह्यांतलं लोक काय निवडतील ह्याचा अंदाज. डॅनियल मॅकफॅडन ह्यांना २००० साली नोबेल मिळालं ते ह्याच कामासाठी. सॅन फ्रान्सिस्कोकडे बार्ट नावाची रेल्वे १९७२ मध्ये सुरू झाली, त्याआधी सरकारी अंदाज होता की कामावर जाणारे १५ टक्के लोक तिने जातील. मॅकफॅडन ह्यांच्या मॉडेलने ६.३ टक्के सांगितलं. प्रत्यक्षात ६.२ आलं. मी हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी लायब्ररीतून उठून हंसाबाई... नाही, नाव नको, आमच्या मॅडमच्या केबिनमध्ये गेले आणि विचारलं की हे खरंय का, आणि त्यांनी मला बसवून तासभर लॉजिट, म्हणजे त्या मॉडेलमागचं गणित, समजावलं. त्या तासामुळे मी ह्या विषयात राहिले.

“वेळेची किंमत” म्हणजे गरीबाचा वेळ स्वस्त आणि श्रीमंताचा महाग असं नाही का होत?

होतं. हा प्रश्न जो विचारतो त्याने हा विषय नक्की करावा असं मला वाटतं.

वेळेची किंमत पगारावरून काढली तर जिथे गाड्या जास्त तिथे फ्लायओव्हरचा फायदा मोठा दिसतो आणि जिथे पायी चालणारे जास्त तिथे फुटपाथचा फायदा छोटा दिसतो. म्हणून काही देशांत, ब्रिटनमध्ये सुद्धा, कामाव्यतिरिक्तच्या प्रवासासाठी सगळ्यांच्या वेळेची एकच सरासरी किंमत धरतात, बसवाला असो की कारवाला. तो निर्णय कोणत्या सूत्रातून येत नाही, तो घ्यावा लागतो, आणि रिपोर्ट लिहिणाऱ्याने तो उघडपणे लिहावा लागतो.

मी शिकत असताना घरोघर आणि स्टॉपवर जाऊन प्रवासाचा सर्व्हे केला होता. एक मावशी भेटल्या, अलकापुरीत तीन घरी काम करणाऱ्या, तरसालीहून येणाऱ्या. फॉर्मवर होतं: कुठून, कुठे, कशासाठी. मी लिहिलं तरसाली ते अलकापुरी, कामाला. त्या म्हणाल्या थांब गं, मी आधी नातवाला अंगणवाडीत सोडते, मग शटलने येते, तीन घरं चालत करते, परत जाताना खंडेराव मार्केटला उतरून भाजी घेते कारण तिथे दोन रुपये स्वस्त पडते, आणि मग दुसरी शटल. सहा-सात छोटे प्रवास, आणि माझ्या फॉर्मवर एक ओळ. मी कागद उलटा केला आणि पाठीमागे सगळं लिहून घेतलं. त्या दिवसानंतर मी प्रत्येक सर्व्हेत पाठची बाजू कोरी ठेवायला सांगते. बायकांचे प्रवास असे साखळीसारखे असतात, ट्रिप चेनिंग म्हणतात त्याला, आणि फॉर्म चुकीचा असला तर ते आकड्यात येतच नाहीत, मग त्यांच्यासाठी बसही येत नाही.

बडोद्यात राहून हे करता येतं का?

ह्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. लालबागेत, प्रताप विलास पॅलेसच्या आवारात, गति शक्ति विश्वविद्यालय आहे. २०१८ मध्ये नॅशनल रेल अँड ट्रान्सपोर्टेशन इन्स्टिट्यूट म्हणून डीम्ड युनिव्हर्सिटी सुरू झाली, २०२२ च्या कायद्याने ती केंद्रीय विद्यापीठ झाली, आणि ती रेल्वे मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. त्याच आवारात रेल्वे अधिकाऱ्यांची अकादमी आहे, जिला जुनी माणसं अजून स्टाफ कॉलेजच म्हणतात, ती १९५२ पासून तिथे आहे. विद्यापीठात वाहतूक आणि लॉजिस्टिक्सचे पदव्युत्तर कोर्सेस आहेत, पण कोर्सची नावं आणि प्रवेशाचे नियम बदलत राहतात, त्यामुळे कोणी मागच्या वर्षीचं ऐकून सांगितलं तर त्यावर विसंबू नका, त्या वर्षीचं प्रॉस्पेक्टस उघडून पात्रता, एन्ट्रन्स आणि प्रत्येक सेमिस्टरचे विषय स्वतः वाचा. विशेषतः बघा की इकॉनॉमिक्सचे पेपर किती आणि लॉजिस्टिक्स मॅनेजमेंटचे किती.

दुसरा रस्ता म्हणजे एम.एस. युनिव्हर्सिटीत इकॉनॉमिक्समध्ये एमए करायचं आणि डेझर्टेशन वाहतुकीवर घ्यायचं. बरेच जण हा रस्ता कमी समजतात, मला तो चांगला वाटतो, कारण पाया पक्का होतो आणि पुढे सरकारी परीक्षांना डिग्रीच्या नावाचा प्रश्न येत नाही (त्याबद्दल खाली लिहिलंय).

बडोद्याबाहेर कुठे?

तुम्हाला प्लॅनिंग आवडत असेल तर अहमदाबादची सेप्ट युनिव्हर्सिटी आणि दिल्लीचं स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर. बी.ई. सिव्हिल असाल तर गेट परीक्षा देऊन आयआयटी किंवा सुरतचं एसव्हीएनआयटी. पोर्ट आणि शिपिंगकडे जायचं असेल तर इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटी, तिचं मुख्यालय चेन्नईला.

नोकरी सोडता येत नाही, घर चालवायचंय. पत्राने काही?

दिल्लीची इन्स्टिट्यूट ऑफ रेल ट्रान्सपोर्ट बऱ्याच वर्षांपासून पत्राद्वारे डिप्लोमा चालवते, त्यात एक बरोब्बर ह्याच नावाचा आहे, ट्रान्सपोर्ट इकॉनॉमिक्स अँड मॅनेजमेंट. रेल्वेतली, ट्रान्सपोर्ट ऑफिसमधली माणसं तो करतात. माझं मत विचाराल तर आधीपासून ह्या क्षेत्रात नोकरी असेल तर उपयोगाचा, कारण रोज जे करता त्याला नाव मिळतं. नवीन मुलाने मास्टर्सच्या ऐवजी हा घेऊ नये.

परदेशात जायचं असेल तर?

इंग्लंडमध्ये लीड्सची इन्स्टिट्यूट फॉर ट्रान्सपोर्ट स्टडीज, तिथे ट्रान्सपोर्ट इकॉनॉमिक्समध्ये एमएससी आहे. अ‍ॅमस्टरडॅमच्या व्रिये युनिव्हर्सिटीत शहर, वाहतूक आणि पर्यावरण असं एकत्र अर्थशास्त्र शिकवतात. बंदरं आणि विमानतळ ह्यात रस असेल तर बेल्जियममधलं अँटवर्प. सिडनी युनिव्हर्सिटीत ट्रान्सपोर्ट आणि लॉजिस्टिक्सची मोठी इन्स्टिट्यूट आहे. एक वर्षाची डिग्री म्हणजे ऐकायला बरं वाटतं पण ते वर्ष श्वास घ्यायला देत नाही, सप्टेंबरला पोचलात की जानेवारीत पेपर.

पैशाचं आधी ठरवा. कॉमनवेल्थ स्कॉलरशिप, चेव्हनिंग (ह्याला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो), आणि अनुसूचित जातींसारख्या ठरावीक गटांसाठी केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप. घर गहाण ठेवून जाऊ नका असं मी प्रत्येकाला सांगते. तिथे जे शिकवतात त्यातलं खूपसं इथे बसूनही शिकता येतं, तिथे खरा फरक पडतो तो शिक्षकांमुळे आणि डेटामुळे. आपल्याकडे एका रूटवर किती माणसं चढली हे आठ दिवस मागितल्यावर मिळतं.

“मॅनेजमेंट” वाला अर्धा भाग काय असतो?

टाइमटेबल, फ्लीट, डेपो, कर्मचाऱ्यांच्या ड्युट्या, गोदाम, कंत्राटं. ह्यात सगळ्यात महत्त्वाचा शब्द म्हणजे रिकामी फेरी. बडोद्याहून माल घेऊन गेलेला ट्रक परत येताना भरून आला नाही तर जातानाच्या भाड्यातच परतीचं डिझेल काढावं लागतं, म्हणून ट्रान्सपोर्ट नगरमध्ये ड्रायव्हर दोन-दोन दिवस परतीच्या लोडसाठी बसून राहतात. छोटा हत्तीवाल्यालाही हेच गणित कळतं, तो त्याला फक्त वेगळं नाव देतो.

रेल्वेचं मॅनेजमेंट शिकताना क्रॉस सबसिडी नीट समजून घ्या. आपल्याकडे पॅसेंजर भाडं कमी ठेवतात आणि त्याचा तोटा मालवाहतुकीच्या कमाईतून भरतात. त्यामुळे मालाचं भाडं चढं राहतं आणि हलका, किमती माल रस्त्याने जातो. न्हावाशेवापासून दादरीपर्यंतचा दीड हजार किलोमीटरचा पश्चिमी फ्रेट कॉरिडॉर, म्हणजे फक्त मालगाड्यांची लाईन, आपल्या मकरपुऱ्याजवळून जातो, त्यावर एकावर एक असे दोन कंटेनर ठेवून गाड्या चालतात. असं का केलं, आणि त्याने रस्त्यावरचा किती माल रेल्वेकडे परत येईल, हा एका अख्ख्या पेपरचा विषय आहे.

कोणती सॉफ्टवेअर शिकू?

एक्सेल, मनापासून. मग आर किंवा पायथन, मग नकाशांसाठी क्यूजीआयएस. मोड चॉइससाठी बायोजीम आणि अपोलो दोन्ही फुकट आहेत. विसम, ट्रान्सकॅड ही ट्रॅफिकची महागडी सॉफ्टवेअर कंपनीत गेल्यावर शिकता येतात, त्यासाठी क्लास लावून हजारो रुपये घालवू नका.

नोकरी लागते का? खरं सांगा.

लागते, पण कॉम्प्युटर किंवा बँकिंगसारखी रांग लावून कंपन्या येत नाहीत. शोधावी लागते. रेल्वेची सल्लागार कंपनी राइट्स, कंटेनर वाहणारी कॉनकॉर, मेट्रो कॉर्पोरेशन्स, बंदरं, वाहतुकीच्या कन्सल्टन्सी, ऑनलाइन खरेदीवाल्या कंपन्यांचं लॉजिस्टिक्स, डब्ल्यूआरआय इंडियासारख्या संस्था. आपल्याकडे बडोद्याजवळच्या सावली गावाला मेट्रोचे डबे बनतात, मुंबई-अहमदाबाद ५०८ किलोमीटरच्या बुलेट ट्रेनचं स्टेशन बडोद्यात होतंय, तर आजूबाजूला काम आहे.

पहिली दोन वर्षं काय कराल ते आधीच माहीत असू द्या. सर्व्हेची माणसं गोळा करणं, सकाळी सहाला चौकात उभं राहणं, आलेला डेटा साफ करणं. माझ्या पहिल्या नोकरीत एका फर्ममध्ये ट्रॅफिकचे आकडे एका ठरलेल्या निकालाकडे वळवायला सांगितले होते, वाढीचा दर थोडा जास्त धरा म्हणजे प्रोजेक्ट फायद्यात दिसतो. मी मूळ काउंट शीट्स जोडून माझी नोट वेगळी दिली, आणि तीन महिन्यांत तिथून निघाले. हे सांगतेय कारण तुमच्यावरही ही वेळ येईल, आणि तेव्हा घरी काय सांगायचं, किती महिने पगाराशिवाय चालेल, ह्याचा विचार आधी केलेला बरा.

सरकारी परीक्षा देता येते का?

हे नीट वाचा, कारण इथे मुलं फसतात. इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसला पदव्युत्तर पदवी इकॉनॉमिक्स, अप्लाइड इकॉनॉमिक्स, बिझनेस इकॉनॉमिक्स किंवा इकॉनॉमेट्रिक्स अशा नावाची मागतात. तुमच्या डिग्रीवर वाहतूक व्यवस्थापन लिहिलं असेल तर अडचण येऊ शकते. तसंच नगररचना खात्यांच्या जाहिराती बऱ्याचदा प्लॅनिंगची डिग्री मागतात. अ‍ॅडमिशन घ्यायच्या आधी तुम्हाला हव्या असलेल्या पोस्टच्या दोन-तीन जुन्या जाहिराती काढा आणि शब्द न शब्द जुळवून बघा. सिव्हिल सर्व्हिसेसला कुठलीही पदवी चालते.

मुलीला हे क्षेत्र बरं का? (हा प्रश्न आया विचारतात)

बरंय, काकू. फील्डवर पहाटे आणि रात्री जावं लागतं, तेव्हा दोघी-तिघी मिळून जायचं आणि फर्मने गाडी द्यायची, हे आम्ही आता आधीच ठरवून घेतो. आणि मुली नसल्या तर त्या मावशींसारख्या बायका फॉर्म भरायला उभ्याच राहत नाहीत.

डेझर्टेशनला विषय काय घेऊ?

मुंबई-दिल्लीच्या मेट्रोवर घेऊ नका, त्यावर ढीगभर आहेत. आपल्या आजूबाजूला बघा.

एक, डभोई. १८६२ साली खंडेराव महाराजांच्या काळात डभोई ते मियागाम अडीच फुटी नॅरोगेज लाईन पडली, सुरुवातीला गाडी ओढायला बैल होते. रूळ हलके, जागा कमी, म्हणजे बांधायला स्वस्त. पण मियागामला आलं की ब्रॉडगेज, सगळा माल उतरवून दुसऱ्या डब्यात चढवायचा. बांधताना वाचवलेला पैसा रोजच्या हमालीत किती गेला? बडोदा संस्थानच्या जुन्या अहवालांत आकडे शोधा, आणि मोडी वाचणारे आजोबा घरात असतील तर त्यांना सोबत घ्या.

दोन, नवरात्र. नऊ रात्री गरब्यासाठी अख्खं शहर रात्री बाहेर असतं, मध्यरात्रीनंतर परत कसं येतात, मुली कशा येतात, कोण किती पैसे देतं. ह्यावर नीट सर्व्हे झाला तर मला पाठवा, मी स्वतः वाचेन.

तीन, आणि हा लिहिताना हात थांबतो. जुलै २०२५ मध्ये पादऱ्याजवळ महीसागरवरचा गंभीरा पूल पडला, माणसं गेली. त्या माणसांची किंमत कुठल्याही सूत्रात बसवायचा मी विचारही करत नाही. पण पूल गेल्यावर पलीकडच्या आणंद जिल्ह्यातल्या गावांतून इकडच्या कारखान्यांत येणाऱ्यांना किती लांबून यावं लागलं, किती जणांचं काम सुटलं, दुधाचा टेम्पो, शाळेची मुलं, दवाखाना, हे मोजता येतं आणि मोजलं पाहिजे. द्युप्वीने १८४४ मध्ये विचारलेला प्रश्न पूल उभा असताना पुस्तकी वाटतो. देखभालीवर खर्च करायचा की नाही हे ठरवताना ह्या आकड्यांची फाईल समोर असायला हवी होती. ज्याला हा विषय घ्यायचाय त्याने गावात जाताना आधी नुसतं ऐकायला जावं, फॉर्म दुसऱ्या फेरीला काढावा.

आत्ता सुट्टी आहे. काय करू म्हणजे मला कळेल हा विषय माझा आहे की नाही?

एक वही, एक पेन, पाण्याची बाटली. सकाळी आठ ते दहा काळा घोडा सर्कलच्या एका कोपऱ्यावर सावलीत उभं राहा, एकच दिशा धरा. रकाने पाडा: टू-व्हीलर, रिक्षा, कार, इको व्हॅन, बस, ट्रक-टेम्पो, सायकल, आणि शेवटी चालणारे. दर पंधरा मिनिटांनी नवी ओळ. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. टू-व्हीलरचा रकाना पहिल्या पाच मिनिटांत भरून वाहायला लागेल, गोंधळ होईल, होऊ द्या. रिक्षात किती माणसं बसलीत ते जमेल तेव्हा बाजूला लिहा.

घरी येऊन वाहनं मोजू नका, माणसं मोजा. एका बसमध्ये किती आणि चाळीस कारमध्ये मिळून किती, आणि रस्त्याची किती जागा कोणी घेतली. चालणाऱ्यांचा रकाना भरायचा राहून गेला असेल तर दुसऱ्या दिवशी फक्त तेवढ्यासाठी परत जा. ती वही घेऊन संध्याकाळी कधीही या, घर रावपुऱ्याकडून आत वळलं की तिसरं, सेव उसळ खात बसून आकडे लावू.